आम्रपालीचा नंबर

चाकणच्या कंपनीने कामावरून कमी केले, तसा बुद्धरत्न बेकारी भत्त्याचा अर्ज करायला चिंचवडच्या ऑफिसात गेला.

"ओटीपी कुणाच्या मोबाइलवर गेलाय, काका?" खिडकीतल्या मॅडमनी विचारले.

"बायकोच्या. कंपनीत फोन गेटवरच ठेवायला लागायचा, म्हणून सगळीकडे तिचाच नंबर दिलाय."

"मग विचारा की त्यांना."

"ती गेल्या वर्षी वारली, मॅडम."

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिले. "नंबर बंद पडला असेल हो. अर्ज अडकणार तुमचा."

"बंद कसा पडेल? रिचार्ज मारतोय ना मी." त्याने खिशातून आम्रपालीचा फोन काढून आकडे खणखणीत वाचले. अर्ज गेला.

"आता तुमचा नंबर टाकू?"

"हाच राहू द्या. नव्या नोकरीचा फोनपण ह्याच्यावरच येणारे."