अंड्याची टोपी

मानवी संस्कृतीचा सगळा इतिहास हा मुळात पेट्यांचा इतिहास आहे. राज्यं येतात, राज्यं जातात. माणूस मात्र आपली पेटी कुठे ठेवावी या एकाच प्रश्नाभोवती जन्मभर फिरत राहतो.

हा विचार मला १९६६ साली दुबईत, देऱ्यातल्या खोलीवर, नऊ माणसांच्या मधोमध उताणा पडलो असताना सुचला. लगेच लिहून ठेवायला उठलो. पण वही पेटीत होती आणि पेटीवर मोहिद्दीन नखं कापत बसला होता. त्याची दहाही बोटं होईपर्यंत विचाराचा उत्तरार्ध निसटला, तो आजतागायत सापडलेला नाही.

अमिराती तेव्हा एक झालेल्या नव्हत्या. खाडीच्या या काठाला देरा, त्या काठाला बर दुबई, मध्ये माणसं ने-आण करणाऱ्या होड्या. आमची खोली म्हणजे गावाची खोली. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून जो कोणी जहाजावर किंवा गोदीवर पोट भरायला निघेल, त्याने मुंबईत गावाच्या खोलीवर उतरायचं, दुबईला आला तर इथल्या. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पेट्या. माणूस दोन वर्षं समुद्रावर असला तरी त्याची पेटी फळीवर राहते, आणि पेटी फळीवर आहे तोवर खोलीत त्याची जागा राहते. तिथे दुसरा झोपेल, पण पाहुणा म्हणून. माणूस कायमचा गेला की खोलीचा मुकादम पेटी खाली उतरवतो, स्वतःच्या हाताने कुलूप फोडतो आणि सामान गावी पाठवतो. ‘अमक्याची पेटी उतरली’ एवढं म्हटलं की आमच्यात कोणी पुढे काही विचारत नाही.

आमचे मुकादम खैरूचाचा. खैरुद्दीन हे पूर्ण नाव फक्त पासपोर्टाला माहीत होतं. तीस वर्षं जहाजांवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. अकरा पेट्या त्यांनी आपल्या हाताने उतरवल्या होत्या. ‘मी उतरवलेली पेटी परत कधी वर गेली नाही,’ असं ते सांगायचे. मुकादम म्हणून त्यांचा निकाल अचूक असे, एवढंच त्यांना म्हणायचं असायचं.

त्यांचा एकुलता मुलगा यूनुस मालवाहू जहाजावर खलाशी होता. नोव्हेंबरात जहाज जर्मनीत हॅम्बुर्गला बिघडलं आणि कंपनीने खलाशांना शहरातल्या एका स्वस्त हॉटेलात उतरवलं. तिथून त्याचं कार्ड आलं. कार्डावर हॉटेलचं चित्र, पाच मजले, आणि तिसऱ्या मजल्याच्या एका खिडकीवर शाईने फुली.

मी शिपिंग एजन्सीत टायपिस्ट होतो, सगळ्यांचं टपाल माझ्या ऑफिसच्या पेटीत यायचं, म्हणून खोलीचं परराष्ट्र खातं माझ्याकडे. कार्ड मीच मोठ्याने वाचलं.

‘अब्बा, सलाम. हॉटेल साधंच आहे पण शहराच्या मध्यावर आहे, समोर स्टेशन दिसतं. खोलीत पलंग एक आणि माणूसपण एकच. नळाला गरम पाणी येतं. सकाळी पाव आणि उकडलेलं अंडं देतात. अंडं लोकरीची टोपी घालून आणतात. फुलीची खिडकी माझी. पेटी कपाटावर वर ठेवली आहे.’

“एका खोलीत एकच माणूस?” मोहिद्दीन म्हणाला. “मग रात्री लाथ कोणाला मारायची?”

“अंड्याला टोपी कशाला रे?” दुसऱ्या कोणीतरी विचारलं.

“थंडी असेल.”

“उकडलंय ना पण ते!”

हा वाद तीन दिवस चालला. खैरूचाचांना मात्र ते लागलं. “तीस वर्षं अंडी उकडली,” ते म्हणाले, “कॅप्टनपासून कोळसेवाल्यापर्यंत सगळ्यांना खायला घातली. एकाने टोपी मागितली नाही. शौकत, लिही त्याला, बापाला थापा मारू नकोस म्हणावं. टोपी-बिपी काही नसते.”

मी लिहिलं. तसंच्या तसं लिहिलं. टायपिस्टाने मजकूर बदलायचा नसतो.

जानेवारीत हॉटेलवरून इंग्रजीत पत्र आलं. सही क्रूगर नावाच्या बाईची, मालकीणच होती. तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे यूनुस तीन डिसेंबरला सकाळी साडेदहाला खोलीची किल्ली काउंटरवर देऊन बंदराकडे गेले, ते परतले नाहीत. पोलिसांत कळवलं आहे. पेटी तळघरात ठेवली आहे. तिचं काय करावं, कळवावं. कंपनीलाही आम्ही तार केली. बाकीचे खलाशी दुसऱ्या जहाजावर चढून गेले होते. यूनुसच्या नावापुढे कंपनीने ‘पळाला’ असं लिहून फाइल बंद केली होती.

मी सगळं मराठीत सांगितलं. खैरूचाचा ओट्याशी कांदा चिरत होते. अर्धा कांदा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “पेटी कुठे म्हणालास?”

“तळघरात.”

“म्हणजे खाली?”

“खाली.”

“कोणाला विचारून उतरवली? ती काय मुकादम आहे?” सुरी त्यांनी ओट्यावर इतकी हळू ठेवली की त्यांनी ती आपटली असती तर मला बरं वाटलं असतं. “लिही. पेटी वर ठेवा. बाकी काही लिहू नकोस.”

मोहिद्दीनला गप्प राहवेना. “चाचा, एखाद्या मडमेशी निकाह लावला असेल त्याने. वरातीचं आमंत्रण येईल बघा.”

“तसा गेला असता तर पेटी घेऊन गेला असता,” चाचा म्हणाले. “पेटी ठेवून गेलाय म्हणजे येणार. आपला माणूस पेटी ठेवून जातो तो परत येण्यासाठीच.”

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. हॅम्बुर्गच्या हॉटेलाला गावाच्या खोलीचा कायदा लागू होत नाही, हे त्यातलं पहिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी ‘पेटी वर ठेवा’ एवढंच टाइप केलं.

क्रूगरबाईंचं उत्तर आलं. खोली दुसऱ्या पाहुण्याला दिली असल्याने पेटी तिथे ठेवता येत नाही. परंतु आपल्या इच्छेनुसार ती चौथ्या मजल्यावर चादरींच्या खोलीत, सर्वांत वरच्या फळीवर ठेवण्यात आली आहे.

“चौथ्या!” खैरूचाचा खोलीभर सांगत फिरले. “तो तिसऱ्यावर होता, पेटी चौथ्यावर!” त्या दिवशी त्यांनी जेवणात दोन सुक्या कोळंब्या जास्त घातल्या. मुलाला पगारवाढ मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा होता, आणि मुलाचा तीन महिने पत्ता नव्हता.

एप्रिलमध्ये तक्रार आली. पेटीतून वास येतो. पाहुण्यांनी पोलीस बोलावला, तो कुत्रा घेऊन आला, कुत्रा फळीखाली बसला तो उठायला तयार होईना. पोलीस कुलूप फोडायला निघाला होता. पण मालक हजर नसताना आपल्या हॉटेलात कोणाची पेटी उघडली जात नाही, असं सांगून बाईंनी त्याला घालवून दिलं. तरी आत काय आहे ते कृपया कळवावं.

“बोंबील,” चाचा म्हणाले. “जुलेखाने बांधून दिले होते.” जुलेखाचाची, म्हणजे यूनुसची आई, गावी होत्या. त्यांना अजून काहीच कळवलं नव्हतं; त्या प्रत्येक पत्रात बोंबील पुरले का, एवढंच विचारायच्या. “आणि ही बाई बघ. पोलिसाला हात लावू दिला नाही. मुकादमच आहे! लिही, पेटी महिन्यातून एकदा उन्हात ठेवा.”

बाईंनी कळवलं की हॅम्बुर्गात एप्रिलमध्ये तसं ऊन नसतं, म्हणून पेटी दोन दिवस बॉयलरशेजारी ठेवली. आठ दिवसांनी आणखी एका ओळीचं पत्र आलं: उष्णतेचा उपयोग झालेला नाही.

ऑगस्टमधलं पत्र मी ऑफिसात तीनदा वाचलं आणि मग होडीत बसून उगाच एकदा पलीकडे जाऊन आलो. हॉटेल विकलं गेलं होतं. पाडून तिथे ऑफिसं होणार होती. पेटी ठेवायला आता मजलाच उरणार नव्हता, म्हणून ती दुबईला येणाऱ्या बोटीवर चढवली आहे. पोलिसांकडे नवीन काही नाही. खाली बाईंनी हाताने लिहिलं होतं: ‘माझ्याकडेही युद्धातली, १९४३ सालची एक पेटी आहे. मी ती उघडलेली नाही. त्यामुळे तुमची पत्रं मला चमत्कारिक वाटली नाहीत.’

खैरूचाचांनी ऐकून घेतलं. “तिची पेटी,” ते म्हणाले, “वर असते का खाली?”

“लिहिलेलं नाही.”

“विचारायला हवं होतं आपण. मी नुसतं माझंच सांगत बसलो.”

पेटी ऑक्टोबरात आली. मोठ्या बोटी तेव्हा बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायच्या आणि माल छोट्या पडावांतून खाडीत यायचा. मी, चाचा आणि मोहिद्दीन कस्टमच्या शेडमध्ये उभे राहिलो. काळी पत्र्याची पेटी, वर पांढऱ्या रंगात यूनुसचं नाव, आणि कडीला त्याचंच पितळी कुलूप, अजून चकचकीत. कुत्र्याची आवड किती पक्की होती, तेही समजलं. शेजारच्या व्यापाऱ्याने आपली शिलाई मशिनं दहा पावलं लांब हलवून घेतली.

कस्टमचा अधिकारी तरणा अरब होता. हिंदी जेमतेम. “चावी?”

“मालिक के पास,” चाचा म्हणाले.

“मालिक किधर?”

“जर्मनी.”

“तो तोडो. यल्ला!”

खैरूचाचा पेटीवर बसले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, नुसते बसले. बसस्टॉपवर बसावं तसे. मागे रांग वाढली. बकऱ्यांवाला ओरडू लागला. मोहिद्दीन कानाशी वाकून म्हणाला, “चाचा, चला ना, लोक बघतात.” आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही विनोद सुचला नव्हता.

“चावी त्याच्याकडे आहे,” चाचा म्हणाले. “चावीवाला असताना कुलूप फोडत नाहीत. तुला नियम ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे, चाचा.”

“मग?”

दुपारची, जुहरची अजान झाली. अधिकारी टेबल सोडून नमाजाला गेला, बकऱ्यांवालाही गेला. खैरूचाचांनी पेटीशेजारीच चटई मागून घेतली. कपाळ जमिनीला टेकलेला त्यांचा शेवटचा सजदा इतका लांबला की मी मोहिद्दीनकडे पाहिलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. उठले तेव्हा अधिकारी परतला होता. हातोडा घेऊन एक हमाल पुढे आला.

“तू नको,” चाचा त्याला म्हणाले. “हे माझं काम आहे.”

बारावं कुलूप. एका घावात तुटलं. हाताला सवय होती.

आत शर्ट, दाढीचं सामान, आईसाठी घेतलेली लोकरीची शाल, आणि बोंबलांची पुडकी; एकही सुटलेलं नव्हतं. अधिकाऱ्याने डोक्यावरच्या रुमालाने नाक झाकून काठीनेच उलथापालथ केली. कोपऱ्यात हातरुमालाची एक पुरचुंडी होती. ती त्याने सोडली. आतून बोटभर उंचीची लाल विणलेली टोपी निघाली, वर गोंडा, कडेला हॉटेलच्या नावाची अक्षरं.

“बच्चा?” त्याने विचारलं.

खैरूचाचांनी ती घेतली. दोन बोटांवर चढवली. फिरवून चारी बाजूंनी पाहिली, तीस वर्षं अंडी उकडलेल्या माणसाने पाहावी तशी.

“अंड्याची,” ते म्हणाले.

अधिकाऱ्याने कागदावर शिक्का मारला. “खलास. जाओ, चाचा.”

फुटलेल्या कुलपाची पेटी फळीवर चढत नाही. चाचांनी ती खोलीत आणलीसुद्धा नाही; धक्क्यावरूनच मुंबईच्या आगबोटीवर चढवायला लावली. जुलेखाचाचींना पत्र मीच लिहिलं. त्याबद्दल मी काही सांगणार नाही.

चौथ्या दिवशी खैरूचाचा दुपारी माझ्या ऑफिसात आले. टोपी धुतलेली होती, कागदात घडी करून आणली होती. म्हणाले, हॉटेलवालीला पत्र लिहायचं. मी कागद चढवला. तोवर हॉटेल पाडून झालं असणार, पत्ता म्हणून तिथे खड्डा असणार, हे मला कळत होतं. त्यांनाही मीच ते वाचून दाखवलं होतं. तरी मी टाइप केलं, आणि या वेळी मनापासून केलं. एका पित्याचं दुःख, दोन देशांमधला समुद्र, एका परक्या बाईची माणुसकी, सगळं घातलं. दीड पान झालं. आयुष्यात मी याहून चांगलं इंग्रजी लिहिलेलं नाही. मग त्यांना मराठीत वाचून दाखवलं.

“एवढं मोठं काय आहे?”

“दुःख आहे, चाचा.”

“ते काढ. बाईकडे तिचं आहे.” त्यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि गोंडा नीट केला. “एवढंच लिही. टोपी पाठवतोय, मोजून घ्या. पोराने चोरलेली नाही, मीच त्याला खोटारडा म्हटलं होतं. तो आला तर त्याला बोलू नका.”