मखमलीखालची करंगळी

माणसं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, आजारी लेकरू घेऊन दवाखान्यात बसावं तशी. कुणी टॉवेलात गुंडाळून आणलेला, कुणी उशीच्या अभ्र्यात घातलेला. न्हाव्याच्या दुकानाशेजारचा रिकामा गाळा दुपारी दोनलाच गच्च भरला होता.

"तुमच्याचं कधीपासून आहे हो?" औषधवाल्याने शेजाऱ्याला हळूच विचारलं.

"परवापासून. आधी नुसती घरघर. मग डोळेच उघडेना."

"आमचा निळा पडतो."

"निळा? अहो, मग बसलात कशाला? पुढे घ्या ना त्यांना, पुढे घ्या!"

आणि खरंच, लोकांनी औषधवाल्याला वाट करून दिली.

समोर टेबल, टेबलावर जांभळी मखमल, मखमलीमागे चालूबाबा. बंद पडलेलं काहीही चालू करतो म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. लोक ते भक्तीने घेत. मी घ्यायचे तेव्हा माझ्या मनात दुसराच अर्थ असे. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून माझी नजर जरा वाकडीच झाली आहे, हे कबूल.

पण त्या दिवशी मी वाकडं बोलायला गेले नव्हते. मावशीच्या सोबतीला गेले होते, आणि मावशीच्या मांडीवरही एक लॅपटॉप होता.

माझी मावशी शिंपीण. पण दुकानातले कपडे ज्यांच्या अंगाला बसत नाहीत, अशाच मुलांचे कपडे ती शिवते. कुणाचा एक खांदा खाली, कुणाची पाठ बाकदार, कुणाच्या कमरेला पट्टा, कुणाला एकच बाही हवी. अशा दोनशे बारा मुलांची मापं आणि बेतणीचे नकाशे त्या लॅपटॉपमध्ये होते. मुलांना तिने आपली नावं दिलेली: झोपाळू, दीडबाही, फुगेवाला. शिवताना ती गुणगुणते, आणि ते गाणंही तिचं स्वतःचंच:

उभा टाका आडवा टाका, टाक्यामागे टाका धावे
अंगासारखे कापड व्हावे, लेकराच्या

त्यातलीच एक हसरी. आठ वर्षांची, पाठीची शस्त्रक्रिया झालेली. गुरुवारी ती इस्पितळातून सुटणार होती आणि शुक्रवारी सहा महिन्यांनी शाळेत जाणार होती. पाठीच्या पट्ट्यावरून चढेल असं जाकीट मावशीने कबूल केलं होतं. तिला फार वेळ बसवत नव्हतं म्हणून माप तीन खेपांत घेतलेलं. हसरी कळ सोसत बसली होती, तरी हसतच. आणि सोमवारी लॅपटॉपने काळा पडदा दाखवून एकच ओळ लिहिली: मूळ सीडी घालून पुन्हा सुरू करा.

मूळ सीडी! होत्या की. दोन होत्या. मावशीने त्यांच्याभोवती खडू फिरवून टोप्यांचे माथे आखले होते, नऊ वर्षं. त्यांच्यावर आता कातरीचे इतके चरे होते की त्यात तोंडसुद्धा दिसत नव्हतं.

"माझंच चुकलं गं," ती तीन दिवस म्हणत होती. "इतकी गोल, इतकी नेमकी वस्तू... मला वाटलं, देवाने शिंप्यासाठीच केलीय."

आज बुधवार होता.

"पुढचा जीव!" बाबांनी आवाज दिला.

औषधवाला पुढे झाला. बाबांनी त्याच्या लॅपटॉपवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि कपाळाला आठी घातली.

"याच्या मूळ सीड्या हरवल्यात."

गाळ्यात एकदम चुकचुक झाली. औषधवाल्याच्या तोंडाचा आ झाला. "कसं ओळखलंत, बाबा?"

कसं ओळखलं! मोज्यांच्या जोडीतला एक हरवलाय हे जसं कुणाही माणसाला सांगता येईल, तसं.

"सीडी म्हणजे यंत्राची नाळ," बाबा म्हणाले. "नाळ तुटली, आत्मा भटकला. दुकानदार सांगेल, सीडीशिवाय होत नाही. बरोबर आहे त्याचं! तो यंत्र बघतो, मी आत्मा बघतो. मी त्याला सीडीशिवाय बोलावतो. पण एक ऐका. परत येतो तो नवा जन्म घेऊन येतो. मागल्या जन्मीचं त्याला काही आठवणार नाही. तुम्हाला आठवतं का तुमचं?"

"नाही बाबा."

"मग त्याला कसं आठवेल?"

लोकांनी माना डोलावल्या. इतका चोख युक्तिवाद गाळ्यात बऱ्याच दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

मग बाबांनी लॅपटॉप मखमलीखाली सरकवला, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. आत्म्याला उजेड सोसत नाही म्हणे. आणि सुरू झालं:

"जाग रे जाग रे, यंत्रराया जाग रे! सोड रे सोड रे, जुना जन्म सोड रे!"

एका मिनिटाने त्यांनी मखमलीत डोकं घालून आत पाहिलं, आणखी काही पुटपुटले, आणि अख्खं गाठोडं पडद्यामागे नेऊन ठेवलं. त्या जागेला म्हणायचं प्रसूतिघर. तिथे यंत्राला चार्जरची वायर लावायची, ते सलाईन. पाऊण तासाने मखमल दूर होई, पडदा निळसर उजळे, छोटीशी धून वाजे आणि टाळ्यांचा कडकडाट होई. न्हाव्याचा असाच सकाळी जन्मला होता. तो आता सगळ्यांना दाखवत होता.

"अगदी नवा! बघा, एक डाग नाही."

"आणि आतले फोटो?" मी विचारलं.

न्हाव्याचा चेहरा किंचित उतरला. "मुलीच्या लग्नाचे होते. पण नवा जन्म म्हटल्यावर..." त्याने लॅपटॉप रुमालाने पुसला. "जिवंत झाला, हेच खूप."

सगळेच काही जिवंत होत नव्हते. तीन लॅपटॉप बाबांनी परत पाठवले होते. त्यांचं प्रारब्ध संपलं होतं म्हणे.

"मावशी," मी कुजबुजले, "हे विसरणं-बिसरणं मला बरं दिसत नाही."

"मग काय करू? दुकानदार म्हणतो सीडी आण. कुठून आणू? निदान मशीन तरी चालेल. हसरीचं माप..." तिने मांडीवरचा लॅपटॉप सावरला. "अंदाजाने बेतेन."

"अंदाजाने बेतलं तर टाक्यांवर घासेल."

"ते तू मला सांगतेस?"

आमच्या मागे टायपिंगच्या बाई बसल्या होत्या. मावशीची मैत्रीण, आल्या त्या निव्वळ करमणुकीला. चाळीस वर्षं त्यांनी टायपिंगचे वर्ग चालवले, आधी खटखट मशीनवर, मग संगणकावर. पाठमोऱ्या उभ्या राहूनही त्या सांगत, "तिसऱ्या बाकावर, करंगळीच्या जागी अनामिका वापरू नकोस." आम्ही सगळ्या त्यांच्या हाताखालून, म्हणजे खरं तर त्यांच्या कानाखालून गेलेलो.

त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, डुलकी लागली. समोर बाबांचा आणखी एका लॅपटॉपवर मंत्र चालला होता.

"लय चुकतेय," मी सहज म्हणाले. मावशीच्या गाण्यावर वाढलेल्या माणसाला ते खटकतंच. "'जाग रे' म्हणून थांबतो, तिथे थांबायची जागा नाही. आणि त्या थांब्यात काहीतरी टक् वाजतं."

"टक् नाही," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "टप्. सगळ्यात वरची ओळ, उजवीकडे. उजव्या हाताची करंगळी. आणि एकच बटण, पुनःपुन्हा. अगं, हा मंत्र म्हणत नाहीये. हा टाइप करतोय!"

तेवढ्यात आवाज आला, "पुढचा जीव!" आणि मावशी उठली.

बाबांनी तिच्या लॅपटॉपवर तळवा ठेवला. त्यांनी विचारायच्या आधीच मावशीने सगळं सांगून टाकलं: खडू, कातर, टोप्यांचे माथे, सगळं.

"नाळेवर कातर चालवलीत!" बाबा गरजले. गाळ्यात शहारा आला. मावशीने मान खाली घातली. दोनशे बारा लेकरांना अंगभर कपडे देणारी बाई, आणि तिथे चोरासारखी उभी.

तिच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली. वायर लावली तरच धुगधुगी. बाबांनी वायर लावली, मखमल ओढली, हात आत घातले.

"जाग रे..." टप्. "जाग रे..." टप्.

बाई उठल्या. सत्तरीच्या बाईने जितक्या शांतपणे उठावं तितक्याच शांतपणे चार पावलं चालल्या, वाकल्या आणि भिंतीतला प्लग उपटला.

मखमलीखालची घरघर थांबली.

"अनर्थ!" बाबा ओरडले. "आत्मा उंबऱ्यावर होता!"

"मग बसू दे की जरा उंबऱ्यावर. ऊन नाहीये," बाई म्हणाल्या. "महाराज, मखमल काढून एकदा करून दाखवाल?"

"आत्म्याला उजेड सोसत नाही."

"मला सोसतो. मी करते." त्या न्हाव्याकडे वळल्या. "काका, तुमचा द्या. तुमचा तर नवाच जन्मलाय, त्याचं आता काय जाणार?"

न्हाव्याने बाबांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. बाईंनी त्याच्या मुलीला शिकवलं होतं. त्याने लॅपटॉप दिला.

बाईंनी तो उघड्या टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. बंद केला, पुन्हा सुरू केला, आणि वरच्या ओळीतल्या बटणावर करंगळी ठेवली.

"मंत्र पाहिजे ना? म्हणते. साबण आणायचा..." टप्. "सुया संपल्या..." टप्. "दूधवाल्याला सांगायचं..." टप्. "छत्रीची काडी..." टप्.

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि पडदा उजळला. त्यावर एक चौकट आली, चौकटीत दोन ओळी, खाली दोन बटणं. बाईंनी चष्मा लावला आणि त्यातला मजकूर मराठीत, वर्गात वाचून दाखवावा तसा, मोठ्याने सांगितला:

"'हा संगणक कारखान्यातून आला तसा करता येईल. यातलं तुमचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं का? हो. नाही.'"

न्हावी हळूच म्हणाला, "म्हणजे... हा विचारतो?"

"प्रत्येक वेळी विचारतो."

"सकाळीही विचारलं होतं त्याने?"

"विचारल्याशिवाय करतच नाही, काका. तुमच्या वतीने मखमलीखाली कुणीतरी 'हो' म्हटलं."

न्हावी बाबांकडे बघत राहिला. त्याच्या हातातला रुमाल अजून पुसायच्या पवित्र्यातच होता. "मला विचारलं असतंत," तो म्हणाला, "तर मी नाही म्हटलं असतं."

बाबांनी मागच्या दाराकडे एक नजर टाकली.

मग बाईंनी फळ्याशिवाय वर्ग घेतला. कंपनीने सीडीत जे दिलेलं असतं, तेच पुष्कळदा लॅपटॉपच्या पोटात एका वेगळ्या कप्प्यातही ठेवलेलं असतं. सीडी हरवली तरी तो कप्पा हरवत नाही. सुरू होताना एक ठरावीक बटण दाबत राहिलं की तो उघडतो. कुठलं बटण, ते पुस्तिकेत छापलेलं असतं. कप्पा नसलेले, नाहीतर तळातूनच बिघडलेले लॅपटॉप आले की बाबा म्हणत, प्रारब्ध संपलं. आणि पाऊण तासाची प्रसूती म्हणजे जुनं पुसून नवं भरायला लागणारा वेळ.

"पण बाई," औषधवाला काकुळतीला आला, "मग आमचं आतलं वाचतं का?"

"पुसायच्या आधी आलात तर बरेचदा वाचतं. दार अडकलंय म्हणून घरातलं सामान जळत नाही. दुसऱ्या दाराने आत जायचं, सामान बाहेर काढायचं आणि मगच दार दुरुस्त करायचं."

औषधवाला जो उठला तो थेट पडद्यामागे घुसला. "माझा! माझा अजून सलाईनवरच आहे!" आतून त्याचा रडवेला आवाज आला, "वीस टक्के... जन्मलाय."

या गोंधळात चालूबाबा कधी बंद झाले, कुणालाच कळलं नाही. मागचं दार उघडं होतं. मखमल तेवढी टेबलावर राहिली होती. मावशीने ती सवयीने दोन बोटांत धरून पाहिली.

"कापड मात्र चांगलं आहे हो," ती म्हणाली.

बाईंच्या वर्गातल्या संगणकावर आम्ही एका पेनड्राइव्हमध्ये फुकट मिळणारी एक प्रणाली भरली आणि मावशीचा लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला. हेच दुसरं दार. पडदा आला, पडद्यावर एक फोल्डर, फोल्डरात नावं: झोपाळू. दीडबाही. फुगेवाला. मावशी बोट लावून एकेक वाचत गेली, शाळेत हजेरी घ्यावी तशी. खाली, हसरी.

"हजर," बाई म्हणाल्या.

मावशीने आधी डोळे पुसले, मग चष्मा. सगळं दुसरीकडे उतरवून घेतल्यावर बाईंनी तिलाच बटण दाबायला लावलं. चौकट आली. प्रश्न आला. मावशीने तो दोनदा वाचून घेतला, आणि मग स्वतःच्या बोटाने म्हणाली: हो.

गुरुवारी संध्याकाळी हसरीने जाकीट घातलं. पट्ट्यावरून सहज चढलं. पाठीवर जिथे टाके दुखतात, तिथे आतून जांभळी मखमल लावलेली होती. सोबत शिवलेल्या टोपीचा माथा गोल होता, इतका नेमका की तो कशाभोवती आखला हे मला विचारावं लागलं नाही.

हसरीने हात मागे नेऊन आतलं अस्तर चाचपलं. "हे मऊ मऊ काय आहे?"

"मखमल," मावशी म्हणाली.

"आतून का लावली? दिसतच नाही."

मावशीने जाकिटाची कड उलटून तिला सगळं दाखवलं: शिवण, गाठ, टाका, मखमलीमागचा कापूस. हसरीने बोट घालून खात्री करून घेतली, आणि मग ती हसली.

मंडळी, आमची मावशी भोळी नव्हती. गुरुवार जवळ आला होता, आणि चूक आपलीच आहे असं तिला वाटत होतं. घाई झालेल्या, अपराधी वाटणाऱ्या कुठल्याही शहाण्या माणसाला मखमल अंथरून बसलेला कुणीतरी भेटतोच. भेटला की एवढंच करा: आठ वर्षांच्या पोरीसारखं विचारा, आत काय आहे? खरा कारागीर कड उलटून दाखवतो. जो दाखवत नाही, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नये. लॅपटॉपसुद्धा देऊ नये.