मला आतून घासू नका

मी एक जुनी चहादाणी आहे, मित्रांनो, आणि ओळख होण्याआधीच सांगून ठेवते: मला आतून घासलेले खपत नाही. साबणाने नाही, सोड्याने नाही, आणि मायेने तर मुळीच नाही.

दिसायला मी फार काही नाही. लाल मातीची, मुठीएवढी. मूळचे झाकण फुटले. हे दुसरे आहे आणि जरा सैल बसते. चीनमधल्या चाओचौ गावाच्या वेशीवरच्या भट्टीत माझा जन्म झाला. माझ्या शेजारच्या दोघी भट्टीतच तडकल्या. मी तडकले नाही. माझा स्वभाव तेव्हापासूनच असा आहे.

मला शू नावाच्या माणसाने घेतले. त्याचे खिळे, कड्या आणि बिजागऱ्यांचे दुकान होते. गिऱ्हाईक एका बिजागरीसाठी येई आणि जेवायची वेळ झाली तरी उठत नसे, कारण गल्ल्याशेजारी मी असे. शू माझे पोट चहाच्या पानांनी गच्च भरी, वरून उकळते पाणी ओती, पहिले पाणी पेले धुण्यात घालवी, आणि मग मला गोल गोल फिरवत तिन्ही पेले एकदम भरी. एक गडद आणि एक फिका असे त्याने कधी होऊ दिले नाही. शेवटचा थेंबसुद्धा वाटून देई. माणसे चार असोत की सात, आमच्याकडे पेले तीनच.

"शू, अरे चौथा पेला घे की! एवढ्या बिजागऱ्या विकतोस!" शेजारी छत्र्या दुरुस्त करणारा वेंग चिडवायचा.

"पेला आहे रे. तुला थांबायला शिकवतोय," शू म्हणायचा.

मग सगळे एकमेकांना 'तुम्ही घ्या, आधी तुम्ही घ्या' करीत बसत, चहा निवून जाई, आणि शू सगळ्यांवर चिडे.

दुकान बंद करताना तो मला नुसत्या गरम पाण्याने विसळून पालथी घाली. बस्स. वर्षानुवर्षे एकाच डोंगरावरचा चहा पिऊन माझ्या पोटात काळसर पुट चढले. नवख्याला ती घाण वाटे. शू मात्र माझे झाकण काढून लेकीला, लानयिंगला, ते कौतुकाने दाखवी. "हे बघ. हे बाजारात मिळत नाही."

मागच्या हिवाळ्यात शू गेला.

लानयिंग परगावाहून आली. रोज सकाळी ती बाबांच्या फोटोपुढे रीतीप्रमाणे तीन पेले ठेवी. पण तो चहा ती पांढऱ्या, नव्या भांड्यात करी. मला तिने टॉवेलात गुंडाळून खणात ठेवले. माझ्यातून ओतायला तिचा हात धजत नव्हता, हे मला कळत होते. तरी मला राग आला. तिच्यासारखे मलाही दुःख होते, आणि कोरडे राहून ते कमी होत नव्हते.

त्याच सुमारास नदीकाठी नवा चहा-चौक झाला. मधोमध दुमजली उंचीची दगडी चहादाणी, तिच्या तोंडातून दिवसभर पाण्याची धार. एवढे मोठे पोट, आणि चहाचा एक घोट नाही! भोवती काचेच्या पेट्यांत गावातल्या जुन्या चहादाण्या मांडल्या होत्या. लानयिंगचा थोरला भाऊ पेंगहुई याने मलाही तिथे नेऊन दिले. बाबांचे नाव राहील, असे त्याला वाटले. पेटीवर नाव लागलेही. मी आत बसून काचेला तोंड द्यायचे ठरवले.

उद्घाटनाच्या सकाळी चौकाची व्यवस्था पाहणाऱ्या ल्याओ बाईंनी पेटी उघडली, माझे झाकण उचलले आणि नाक मुरडले. "अगं बाई! आत केवढं काळं! पाहुण्यांनी डोकावलं तर? थांबा, सोडा आणि ब्रश आणते."

ल्याओ बाई उत्तरेतून बदलून आलेल्या. त्यांना काय माहीत! पण पेंगहुई माझ्याच चहावर वाढला होता. तोही पाहुण्यांच्या धाकाने म्हणाला, "चालेल. फक्त वरवर घासा."

वरवर! अख्ख्या आयुष्याचा चहा, आणि म्हणे वरवर!

ब्रश माझ्या तोंडाशी आला, तेवढ्यात लानयिंग आली. बरोबर वेंग, हातात कोळशाची छोटी शेगडी, पिशवीत किटली आणि आमचे तीन पेले. "चौक चहाचा, पण चहा कुणी पाजत नाही म्हणे. म्हणून आपली सोय घेऊन आलो," तो म्हणाला.

"दादा, घासू देऊ नकोस," लानयिंग म्हणाली.

"अगं, रिकामी तर आहे. काय जाणार आहे तिच्यातून?"

"रिकामी नाहीये."

"एक पान तरी आहे का आत?"

तिने मला बाईंच्या हातातून काढून घेतले आणि ती चौकाच्या पायरीवर बसली. "काका, पाणी ठेवता?"

"ही प्रदर्शनातली वस्तू आहे हो! असं पायरीवर..." ल्याओ बाई म्हणाल्या.

"बाई, बसा खाली. उभ्याने चहा पिऊ नये," वेंग म्हणाला.

पाणी उकळले. कित्येक महिने मी कोरडी होते. एकदम ओतले असते तर तडकले असते. लानयिंगने आधी मला बाहेरून ऊब दिली, बाबा देत तशी. मग पोटात नुसते उकळते पाणी भरले. पान एकही नाही. झाकणावर बोट ठेवून ती थांबली, आणि मला गोल गोल फिरवत तिने तीन पेले भरले. शेवटचा थेंबसुद्धा वाटून दिला.

रंग हिवाळ्यातल्या उन्हासारखा, जेमतेम पिवळा.

माणसे चार. "तुम्ही घ्या." "छे, आधी तुम्ही." शेवटी बाई, वेंग आणि पेंगहुई यांनी पेले उचलले. लानयिंग थांबली. तिला थांबायला शिकवलेले होते.

"पान खरंच नव्हतं टाकलं?" बाईंनी विचारले.

वेंगने घोट बराच वेळ तोंडात ठेवला. "फिका आहे," तो म्हणाला. "पण शूचाच आहे. कंजूस मेला, अजून तीनच पेले!"

पेंगहुईने बाईंच्या हातातला ब्रश काढून स्वतःच्या खिशात घातला. मग आपला पेला धुऊन बहिणीपुढे ठेवला, आणि माझ्यात पुन्हा पाणी ओतले. ती प्यायली. तिच्या चेहऱ्याबद्दल मी सांगणार नाही. तो तिचा आहे.

ती पेटी आता रिकामी आहे. फोटोपुढचा चहा माझ्यातूनच जातो.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने भांडे असेल, गेलेल्या माणसाच्या हातचे. त्याला लखलखीत करू नका, कपाटात कोंडू नका. रोज कामाला लावा. फुटायचेच असेल तर आम्ही हातात फुटू, काचेआड नाही.

चला, पाणी उकळले. ओता.