भिंतबघ्या

मोबाईल दुरुस्त करणाऱ्याचं तोंड दिवसभर तेच तेच सांगून दुखायचं. फोनला लॉक ठेवा. दुरुस्तीसाठी सांगितलेला लॉकचा नंबर फोन परत नेताना बदला. आलेल्या प्रत्येक लिंकवर बोट ठेवू नका. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पायरी उतरेपर्यंत विसरायचं. अकरा वर्षं घसा कोरडा करून त्याला आता कंटाळा आला होता.

एक पथ्य मात्र तो स्वतः कटाक्षाने पाळायचा. कुणी नंबर टाकू लागलं की सरळ भिंतीकडे तोंड फिरवायचा. शेजारचा चष्मेवाला त्याला त्यावरून भिंतबघ्या म्हणायचा.

दुकान आवरायच्या बेतात असताना बसड्रायव्हरची बायको आली. ड्रायव्हरला जाऊन तीन आठवडे झाले होते. तिने नवऱ्याचा फोन काउंटरवर ठेवला.

"दादा, एवढा उघडून द्या. आजारपणात ते यात रोज काहीतरी बोलून ठेवायचे. मी गेल्यावर ऐक म्हणाले. नंबर सांगायचा राहून गेला."

"किती वेळा टाकून बघितलात, काकू?"

"लग्नाची तारीख, मुलीच्या जन्माची, बसचा नंबर... नऊदा."

त्याने फोन तिच्या हातापासून दूर सरकवला. दहावी चूक झाली की हा फोन सगळं पुसून टाकणार होता. ती सोय त्यानेच सुरू करून दिली होती.

"मागे काच बदलली तेव्हा तुम्ही चिठ्ठीवर नंबर लिहून घेतला होता ना?"

"ती त्यांच्यासमोरच फाडली. आणि नंबर बदला म्हणालो, तर त्यांनी इथेच बदलला."

एवढ्या गिऱ्हाइकांत त्याचं ऐकणारा ड्रायव्हर एकच निघाला होता.

"इथे? मग तुम्ही बघितला असेल की."

त्याची नजर भिंतीकडे गेली. भिंतीवरच्या पोपड्यांचा आकार त्याला पाठ होता, ड्रायव्हरचं बोट कुठे कुठे पडलं ते ठाऊक नव्हतं. खोटं बोलून धीर देण्याचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"नाही बघितला, काकू. आता हात लावू नका. आठवला तर या."

"बघायला हवा होता हो," ती म्हणाली. रागाने नाही, थकून. फोन पदरात गुंडाळून ती पायरी उतरली.

त्याने शटर अर्धं ओढलं. मग त्याने घरी फोन लावला.

"माझ्या फोनच्या लॉकचा नंबर लिहून घे."

"कशाला? कुठे निघालात?" बायको म्हणाली. "आणि फोनवर कुणाला नंबर सांगायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. "घरी आल्यावर सांगतो. मी टाकताना नीट बघ."