सीनाची वाफ

सीना वाफ धरू लागली तेव्हा कारखान्याच्या मैदानात मांडव घालून झाला होता. एम. डी. साहेबांची अट साधी होती. समारंभात इंजिन मैदानातल्या उरलेल्या रुळांवरून स्वतःच्या वाफेवर गेटपर्यंत चाललं, तर त्याच्यासाठी बागेत रूळ टाकायचे. नाही चाललं, तर यार्डातल्या बाकीच्या लोखंडाबरोबर तेही भंगारात. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, फिटर म्हणून निवृत्त झाल्यानंतरची सगळी वर्षं त्या इंजिनात घातली होती. दिवाळीनंतर ते गेले. इंजिन तयार होतं, फक्त चालवून बघायचं राहिलं होतं.

उसाच्या मळ्यांतून फिरायला कारखान्याने पूर्वी एकाच घडणीची पाच इंजिनं बोटीने मागवली होती. अरुंद रुळांवरची, बुटकी. पाण्याच्या टाक्या बॉयलरच्या दोन्ही कुशींना बांधलेल्या, त्यामुळे मागे वेगळा डबा ओढायला नको. नावं जिल्ह्यातल्या नद्यांची. प्रवरा एका कॅनॉलच्या पुलावरून खाली कोसळली. ट्रक आल्यावर मुळा आणि आढळा गॅस कटरने कापल्या. म्हाळुंगीचा बॉयलर एका डेअरीने दूध तापवायला नेला. राहिली सीना. नाव सगळ्यात कोरड्या नदीचं आणि पाणी हीच जास्त पिते, असं अण्णा म्हणत.

मी इंजिनावर उभी होते. कारखान्यातला अजिनाथ फावड्याने कोळसा टाकत होता. गहिनीनाथकाका, ज्यांनी मळ्यांतले रूळ उखडेपर्यंत ही चालवली, दांड्यावर हात ठेवून मांडवाकडे बघत होते.

"काका, वाफेच्या मीटरचा काटा लाल रेघेच्या पुढे गेलाय."

"जाऊ दे. तुझा बापच म्हनायचा, ह्यो मीटर अन् आपला चेअरमन, दोगंबी वाढवून सांगत्यात."

अजिनाथ हसला.

"पण खरंच असेल तर?"

"खरं आसतं तर वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आसता. उडला न्हाई म्हंजे वाफ जास्त न्हाई. कुकरचं बी तसंच आसतंय की, मास्तरीणबाई."

काटा आणखी सरकला. पायाखालचा पत्रा बारीक थरथरत होता. मी बाहेर वाकून वर बघितलं. बॉयलरच्या माथ्यावर व्हॉल्व्ह होता, त्याची जाड स्प्रिंग लालभडक. वेटोळी दिसतच नव्हती.

खंडेनवमीला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लागतं. सीनाला मात्र अण्णा शेंदूर लावत, आणि तोही सगळ्यात उंच जागी. दरवर्षी बोटभर. या वर्षी त्यांना नीट दिसत नव्हतं. मी स्टूल धरून उभी होते आणि ते वर कितीतरी वेळ बोटांनी चेपत राहिले. तेव्हा पूजेच्या शेंदराला येतो तसा तिळाच्या तेलाचा वास यायला हवा होता. आला होता जवसाच्या तेलाचा. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर फिटर लोक पाइपच्या सांध्यांत भरतात. तो वाळला की दगड होतो. बॉयलर इन्स्पेक्टर तपासून गेले होते ते श्रावणात, खंडेनवमीच्या आधी.

सांगितलं तर भट्टीतली आग खाली पाडावी लागणार. मग सीना चालणार नाही. आणि का चालली नाही, हे गावभर होणार.

"काका, व्हॉल्व्ह उडणार नाही. स्प्रिंगमध्ये सांध्याचा शेंदूर भरलाय. अण्णांनी."

काका टाकीवर चढले, पान्याने स्प्रिंगवर ठोकलं. भिंतीवर ठोकल्यासारखा आवाज आला. ते घाईने खाली उतरले.

"अजिनाथ, आग पाड."

"काका, पाहुने आलेत..."

"आग पाड म्हनतो ना भाड्या! पंकजा, उतर. लोकं लांब ने."

त्यांनी बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं आणि वाफ काढायला शिट्टीची साखळी ओढून धरली. शिट्टी मैदानभर घुमली. लोकांना वाटलं, सीना निघाली. टाळ्या पडल्या, मोबाईल वर झाले आणि सगळा मांडव इंजिनाकडे धावत सुटला.

"मागे व्हा! मागे!" माझा आवाज शिट्टीत बुडाला. शेजारच्या पुष्पावतीवहिनी आरतीचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे.

"अगं, ओवाळू तर दे!"

मी त्यांच्या हातातून ताट घेतलं आणि उलट दिशेने, गेटकडे, भराभर चालू लागले. "अगं, कुठं चाललीस?" म्हणत वहिनी मागे आल्या, त्यांच्यामागे बायका, बायकांमागे पोरं. मग पुरुषही वळले. शिट्टी वाजतच होती. मी मागे बघितलं नाही. निरांजनाची वात आडवी होत होती, आणि पाठीला कधीही काहीतरी येऊन लागेल असं वाटत होतं.

मग शिट्टी घोगरी झाली, बारीक झाली, थांबली.

परत आले तेव्हा रुळांमध्ये निखाऱ्यांचा ढीग होता आणि अजिनाथ मातीत पाय पसरून बसला होता. एम. डी. साहेब येऊन पोचले होते.

"काय झालं?"

"बॉयलरात पानी सोडनाऱ्या इंजेक्टरनं दगा दिला, साहेब," काका माझ्याकडे न बघता म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "व्हॉल्व्ह जाम होता. अण्णांनी पूजेला चुकून सांध्याचा शेंदूर भरला होता."

"गप ऱ्हायली आसती तर काय बिघडलं आसतं?" काका पुटपुटले.

साहेबांनी वर बघितलं. "म्हणजे बाकी इंजिनात दोष नाही?"

"नाही."

"भंगारवाला सोमवारी येतोय. त्याच्या आत इन्स्पेक्टरसमोर हा व्हॉल्व्ह उडवून दाखवा. मग बघू."

बॉयलर निवायला दुपार कलली. काकांनी छिन्नी-हातोडी आणली. मी टाकीवर चढले. जवळून बघितलं तर प्रत्येक वेटोळ्यात शेंदूर नीट, हलक्या हाताने बसवलेला होता, आणि वर अण्णांच्या बोटांच्या खुणा होत्या.

"मी मारू का?" काकांनी खालून विचारलं.

"नको. मला द्या."

पहिला घाव निसटला. दुसऱ्याला एक लाल ढलपी उडाली आणि खाली राखेत पडली. काका ती उचलायला वाकले.

"राहू द्या, काका," मी म्हणाले, आणि छिन्नी पुढच्या वेटोळ्यात धरली.