ब्रेकवरची पेटी

दसऱ्यानंतर कारखाना उघडला आणि झाकणं ठोकणारी प्रेस चालेनाशी झाली. दोन-चार झाकणं निघाली की लाल दिवा लागे आणि मशीन गप्प. पुन्हा चालू करावी, पुन्हा तेच!

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या त्या छोट्या कारखान्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनत. तुळसाबाई साच्यात पत्र्याची चकती ठेवून हात बाहेर घेई. मग फुलसिंग पायडल दाबी. वरचा जड ठोकळा खाली येऊन झाकण घडवी आणि वर जाऊन थांबे. त्याला वर थांबवणं हे ब्रेकचं काम. ठोकळा वेळेवर थांबतो की नाही हे पाहणारी, आणि उशीर झाला की लाल दिवा लावून मशीन बंद करणारी एक पेटी मालकांनी पोळ्याच्या सुमारास बसवली होती. तेव्हापासून तिनं कधी तक्रार केली नव्हती. मग आताच काय झालं?

फुलसिंगचं डोकं चालेना. "दिवा बदलला, वायरी पाह्यल्या. मले तं काहीच समजून नाही राह्यलं! पूजा अशी केली का मशीन नवरीवानी चमकून राह्यली. तरी रुसली कायले?"

"तुमच्या नवरीले हे पेटी सासू वाटत असन, भाऊ," तुळसाबाई हसून म्हणाली.

"मंग सासूचं तोंडच बांधतो!" फुलसिंगनं तार उचलली. पेटीचं बटण तारेनं दाबून ठेवलं की दिवा लागणार नव्हता आणि मशीनही अडणार नव्हती.

म्हातारे फोरमन पुंडलिकराव जवळ आले. "बांध बाबा. पण आज साच्यात तुळसाबाईचा हात जाणार नाही."

त्यांनी तिच्या पिशवीतलं एक वांगं मागून घेतलं आणि लांब काठीच्या टोकाला खोचलं. फुलसिंग तार बांधून पायडल दाबू लागला. ठोकळा वर गेला की पुंडलिकराव काठीनं वांगं साच्यात सरकवत आणि पुढच्या दाबाआधी बाहेर काढत. पहिल्यांदा ठोकळा वर थांबला. पुन्हा थांबला. फुलसिंग हसू लागला. पुढच्या खेपेला मात्र ठोकळा वर जाऊन जरा घसरला आणि धाडकन खाली आला!

वांग्याचा चेंदामेंदा झाला. 

"पाय तं म्या उचलला होता!" फुलसिंग पुटपुटला.

"उचलला होता. ठोकळाच थांबला नाही," पुंडलिकराव म्हणाले. "धावत्या पोराले थांब म्हटलं, तं ते एखाद-दोन पावलं पुढं जाऊनच थांबते. पण रोज जास्तच पुढं जाऊन राह्यलं अन् समोर विहीर असली, तं आपण त्याले सावरू का 'विहीर!' म्हणून ओरडणाऱ्याचं तोंड दाबू?"

"पण ब्रेक बिघडला काहून? दसऱ्याआधी तं बरा होता."

तुळसाबाई दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. तिनं साधेपणानं विचारलं, "पूजेत काय काय केलं, भाऊ?"

"धुतली, पुसली, कुंकू लावलं, हार घातला. अन् सगळीकडं तेल देल्लं. चाकाले, दांड्याले, ब्रेकच्या पट्ट्याले. लई कोरडा दिसून राह्यला होता बिचारा!"

पुंडलिकरावांनी कपाळाला हात लावला. "अरे, तो कोरडाच पाहिजे! कोरडा असन तवाच चाकाले धरून ठेवन. तेलानं सटकते तो."

फुलसिंगनं साच्यातल्या चेंद्याकडे पाहिलं, मग चकती घेऊन उभ्या असलेल्या तुळसाबाईच्या बोटांकडे. "बाई, म्या मायेनं केलं होतं..." तो म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं तार सोडली.

तेल प्यालेला पट्टा काढून नवा बसवला. चाक पुसून कोरडं केलं. काम दुपारपर्यंत बंद राहिलं, पण फुलसिंग कुरकुरला नाही. आधी त्यानं मशीन रिकामीच चालवली, कितीतरी वेळ. मग म्हणाला, "आता ठेवा, बाई."

वाचकहो, आपल्याला जो अडवतो त्याचा राग येणं साहजिक आहे. पण त्याचं तोंड बांधण्याआधी तो काय सांगतो आहे, हे एकदा समजून घ्यावं. माया करायची तीही नीट जाणून करावी. झाकणं उद्याही बनतील. तुटलेलं बोट पुन्हा उगवत नाही!