आखाजीचा मुराळी

मी चुडामण, सोनगीरचा. हिंदुस्थानातली चौदा राज्यं मी पायाखाली घातली आणि त्यातल्या एकाचंही तिकीट धड काढलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगतोय. बढाई मारायची मला खोड आहे आणि ती आता या वयात सुटेल असं वाटत नाही. ऐकणारे चहा पाजतात, विडी पुढे करतात आणि शेवटी हमखास म्हणतात, 'भाऊ, तुम्ही खरं जगलात.' असं म्हणणाऱ्याच्या एक कानाखाली द्यावी असं मला हल्ली वाटतं. पण चहा त्याचाच प्यायलेला असतो, म्हणून गप्प बसतो.

आमचं घर आग्रा रोडपासून हाकेच्या अंतरावर. बाप लवकर गेला. घरात आई तानुबाई, मी आणि माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटी बहीण ताईबाई. रात्रंदिवस ट्रक जायचे आणि मी ओट्यावर बसून त्यांच्या पाट्या वाचायचो. सतराव्या वर्षी एका सरदारजीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. आईला सांगितलं, धुळ्याला जाऊन येतो. ग्वाल्हेर आलं तेव्हा मला आठवलं की आपण आईला धुळं सांगितलंय. हसू आलं, लाज नाही आली.

मग काय, पाय सुटलेच. कच्छच्या मिठागरात सहा महिने काढले. तिथं पायांना अशा भेगा पडल्या की रात्री झोप यायची नाही. वेरावळला होडीवर गेलो, आठ दिवस ओकत होतो आणि नवव्या दिवशी समुद्राच्या प्रेमात पडलो. कानपूरला एका सर्कशीत सिंहांच्या पिंजऱ्यात मांस टाकायचं काम केलं. त्यातला एक सिंह म्हातारा होता, त्याला मी बारीक तुकडे करून द्यायचो. बर्फ पाहिला, वाळवंट पाहिलं, साधूंच्या पंगतीत जेवलो, एकदा चोर समजून मारही खाल्ला. खोटं कशाला बोलू, फार मजा आली.

ताईचं लग्न याच काळात झालं. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात तिला दिली. आमच्यात लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. माझ्या मेहुण्याचा, अभिमनचा, कान आमच्या चुलतभावानं, पितांबरनं पिळला. सख्खा भाऊ कानपूरला सिंहाला जेवू घालत होता. पुढेही मी तिच्या सासरी कधी गेलो नाही. तिकडच्या कोणी माझं तोंड पाहिलेलं नव्हतं.

पत्रं मात्र लिहायचो. सातवीपर्यंत शिकलेलो होतो आणि ताईही चौथी झालेली होती. जे पाहिलं ते सगळं तिला लिहायचो. ती उत्तरात एकच विचारायची, 'भाऊ, आखाजीला येशील ना?'

तुम्ही खान्देशातले नसाल तर हे सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे ती लेकीबाळींची दिवाळी. झाडाझाडाला झोके बांधतात, सासुरवाशिणी माहेरी येतात, गाणी म्हणतात, चार दिवस कोणाचं ऐकत नाहीत. पण लेक आपण होऊन उठून येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. सख्खा भाऊ असेल तर तोच जातो. मुराळी आला नाही तर सासरचे पाठवत नाहीत, आणि तिला वर्षभर बोलणी बसतात ती वेगळीच. माझ्या जागी दर वर्षी पितांबर जायचा. तो बिचारा स्वतःचं काम टाकून जायचा.

त्र्याऐंशी साली मी गुवाहाटीत होतो. अंगात ताप होता, एकटा पडलेलो होतो, मन हळवं झालं होतं. त्या भरात ताईला लिहिलं, 'या आखाजीला तुला न्यायला मी स्वतः येतो. दुसरा कोणी आला तर त्याच्याबरोबर जाऊ नकोस. तुझा भाऊच येणार.' लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, शपथेवर सांगतो. नंतर ताप उतरला.

तरी मी निघालो होतो. स्टेशनवर पोचलो होतो. तिथं एक लाकडाचा ठेकेदार भेटला. त्याचे अकरा हत्ती ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे न्यायचे होते, पोहत, आणि त्याला माणसं हवी होती. चार दिवसांचं काम, तो म्हणाला. मी हिशेब केला, आखाजीला बारा दिवस आहेत. आणि हत्ती पोहताना कोणी पाहिलाय? त्याचं सगळं अंग पाण्याखाली जातं, फक्त सोंडेचं टोक वर राहतं, आणि माहूत नुसता पाण्यावर उभा असल्यासारखा दिसतो. मी ते पाहिलं. एका हत्तीच्या पाठीवरून स्वतः नदी पार केली. चार दिवसांचे दोन महिने कसे झाले ते कळलंच नाही. ही माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट आहे. ती मी निदान पाचशे वेळा सांगितली असेल. ताईलाही लिहिली, चार पानं भरून, आणि शेवटी 'येता आलं नाही, राग मानू नकोस' अशी एक ओळ.

दोन वर्षांनी सोनगीरला आलो तर घराला कुलूप. पितांबरनं सांगितलं. त्या आखाजीच्या आधी आई अंथरुणाला खिळली होती. पितांबर धावतपळत ताईला आणायला गेला. तर तिनं त्याला दारातून परत पाठवलं.

"मना भाऊ येनार शे, त्यानी लिखेल शे, आसं सांगं तिनी माले," पितांबर म्हणाला. "मी सांगं, माय आजारी शे. तिले वाटनं मी खोटं बोलस. बठ्ठा गावसमोर मी परत उनू."

ताई नवं लुगडं नेसून, पिशवी भरून, पाच दिवस दाराशी बसली होती. आई आखाजीच्या तिसऱ्या दिवशी गेली. शेवटपर्यंत एकच विचारत होती, ताई उनी का, आली का. तेव्हापासून पितांबर ताईकडे गेला नाही, आणि ताईला आणायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

एखादा माणूस तिथून उठून थेट बहिणीकडे गेला असता. मी आग्रा रोडवर गेलो आणि पहिला ट्रक थांबला त्यात बसलो. मला तोंड नव्हतं. ताईला पत्रं लिहिणंही बंद केलं. पुढची नऊ वर्षं मी जे फिरलो ते फिरणं नव्हतंच. ते पळणं होतं.

चौऱ्याण्णवला हिमाचलात रस्त्याच्या कामावर दरड कोसळली आणि माझा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. जुळला तो वाकडाच. तेव्हा फिरणं संपलं आणि मी सोनगीरला परत आलो. घराचं कुलूप काढलं, भिंती सारवल्या, चूल घातली, अंगणातल्या निंबाला झोका बांधला. पितांबरला म्हटलं, चल, ताईला घेऊन येऊ. तो म्हणाला, "मी नही येस. तुनी बहीन शे, तू जाय." मला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, मला तिचा मुराळी व्हायचं होतं. चार दिवस तिनं त्या झोक्यावर बसावं आणि हवं तेवढं मला शिव्या द्याव्यात. आई राहिली नव्हती, पण तेवढं तरी माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं.

मुराळ्यानं खरं तर आधीच जायला हवं. पण सारवण वाळेना, आणि मी पोचलो तो ऐन आखाजीच्या दुपारी. गावात शिरताना झोक्यावरच्या पोरींची गाणी ऐकू येत होती. घर विचारत गेलो. अंगणात एक म्हातारी पळसाच्या पत्रावळी पुसत होती. ती ताईची सासू, कमलबाई.

"कथाईन उनात भाऊ?" कुठून आलात, असं तिनं विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. अठरा वर्षांनी मी तिला पाहत होतो. केस अर्धे पांढरे झालेले. चेहरा आईचा. तिनं मला एका नजरेत ओळखलं, कारण तांब्यातलं पाणी तिच्या पायावर सांडलं. मग ती सासूकडे वळली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "मना माहेरना मानूस शे, आत्याबाई. सोनगीरना. झिपरूभाऊ."

मला वाटलं ती थट्टा करतेय. लहानपणी करायची तशी. मी हसलोसुद्धा.

"बरं झायं," कमलबाई म्हणाली. "सकायपाईन हाऊच इचार चालू व्हता, पितर कोनले बसाडू. माहेरना मानूस उना, आखो काय पाहिजे? तुना भाऊना नावनं यासलेच बसाड."

मी घरात नजर टाकली. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, चुलीतल्या विस्तवावर घास टाकतात, आणि मेलेल्याच्या नावानं एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्या माणसाला पितर म्हणतात. भिंतीपाशी दोन घागरी होत्या. एक थोरली, सासऱ्याची. दुसरी धाकटी.

"माहेरमा घागर भराले कोनीच उरनं नही बिचारीना," कमलबाई मला समजावून सांगत होती. "मी सांगं, आपलाच घरमा भर. एकुलता एक भाऊ व्हता."

पाय धुवायला पाणी आलं. माझे पाय, तो वाकडासुद्धा, माझ्याच मेहुण्यानं धुतले. पितराचे धुतात तसे. अभिमन भला माणूस होता. त्यानं माझ्या कपाळाला गंध लावलं, हात जोडले आणि पाटावर बसवलं. ताईनं वाढलं. पुरणाची पोळी, आमरस, कुरडया. माझ्यासमोर माझ्याच नावाची घागर होती. तिच्यापुढे ताईनं विस्तवावर तूप सोडलं, घास ठेवला आणि डोळे मिटून नमस्कार केला. खोटा नाही. मी आयुष्यभर खोटं बोलत आलोय, मला खोटा नमस्कार ओळखता येतो.

ताईची लेक लता, चौदापंधराची, मला वारा घालत होती. "तुम्ही मामाले वळखेत का?" तिनं विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"तो असाममा मोठी नदीमा बुडी गया. हत्तीसले पार करी दी ऱ्हायंता. अकरा हत्ती व्हतात. मायले न्याले येनार व्हता आखाजीले, तवयच. नहीतर उनाच ऱ्हाता." तिनं आईकडे पाहिलं. "त्यानी लिखेल व्हतं मी येस म्हनीसन. त्यानी कधीच खोटं नही सांगं."

माझीच गोष्ट होती. पाचशे वेळा सांगितलेली. तिच्यात ताईनं फक्त शेवट बदलला होता, आणि तो शेवट माझ्यापेक्षा चांगला होता. त्यातला चुडामण चार दिवसांच्या कामावर गेला आणि बुडाला, म्हणून आला नाही. अभिमननं हळू आवाजात विचारलं, खरं शे का हाई? सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. ताई ताटात तूप वाढत होती, तिचा हात थांबला.

मी म्हणालो, खरं शे. मग मी ते नीट सांगितलं. पाणी कसं गढूळ होतं, सोंडा कशा वर दिसत होत्या, चुडामण कसा शेवटच्या हत्तीवर होता आणि धारेत कसा निसटला. बुडताना तो बहिणीचं नाव घेत होता, असंही सांगितलं. लता रडली. कमलबाईनं डोळ्यांना पदर लावला. माझी गोष्ट त्या दिवसाइतकी कधीच रंगली नव्हती, आणि मला पाटावरच मरण यावं असं वाटत होतं.

जेवण झाल्यावर सगळे इकडेतिकडे झाले. ताई हातावर पाणी घालायला परसात आली. मी म्हणालो, "ताई, चाल. घर सारी ठेवेल शे. झोका बांधेल शे."

ती माझ्या हातांकडेच पाहत पाणी घालत राहिली. "भाऊ मरेल शे म्हनीसन आठे माले कोनी नाव ठेवत नही," ती म्हणाली. "तू जित्ता व्हता तवय रोज ठेवेत. तुना भाऊ माय मरनी तरी उना नही, आसं उठता बसता ऐकं मी. मंग एक दिन सांगं, तो मरी गया. ऊर बडवीसन रडनू. सुतक पाळं. तवयपाईन ह्या लोक माले जीव लावतस."

"मी त्यासले सांगस, चूक मनी शे."

"एकदाव रडी लिधं," ती म्हणाली. "आते परत नही." आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

मी निघालो तेव्हा कमलबाई दारापर्यंत आली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पितर पोटभर जेवला होता. "पुढली आखाजीले बी या, झिपरूभाऊ," ती म्हणाली. "दर साल पितर बसाले मानूस सापडत नही. तुमले यायनी मेहनत पडी, पन हिना भाऊले शांती भेटी."

मला कळलं, यापुढे तिला बघायचा हा एकच रस्ता आहे. वर्षातून एकदा, पाटावर, मेलेला म्हणून. तोही मला चालला असता. मी येतो म्हणायला तोंड उघडलं.

"त्यासले सांगू नका, आत्याबाई," ताई आतून म्हणाली. ती माझं उष्टं ताट उचलत होती. "ते हो म्हनतीन. आनी मी वाट दखत बसू."